कोण? कुठून? कुणाकडून?

बस्त्याव परेरा सरांनी माझ्या हातचा चहा प्यायला सात महिने घेतले. तोवर रोज मधल्या सुट्टीत त्यांचा कप टेबलावर निवून जायचा, वर साय धरायची आणि घंटा झाली की शिपाई तो मोरीत ओतून यायचा. मी तेव्हा नवी होते, रागीट होते, आणि स्टोव्हला पंप मारमारून चहा मी करत होते, त्यामुळे ते मला फार झोंबायचं. शेवटी एकदा न राहवून मी विचारलंच, "सर, मी विष घालते असं वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तसं म्हणण्याजोगा पुरावा अजून हाती आलेला नाही," म्हणाले, आणि पुन्हा वह्या तपासायला लागले. हे थट्टेत चाललंय असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नव्हती.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी वसईतल्या माणिकपूरच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. परेरा सर तिथे वीस-बावीस वर्षांपासून इंग्रजी शिकवत होते. गावातले लोक त्यांना बस्त्याव मास्तर म्हणायचे. शिक्षकांच्या खोलीत माझं पहिलं स्वागत त्यांनीच केलं, ते असं:

"कोण?"

"मी पाटील. मराठीची नवी शिक्षिका."

"कुठून?"

"जूचंद्रहून."

"कुणाकडून?"

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी तो फोड करून सांगितला. "म्हणजे तुम्हाला इथं कुणी पाठवलं? चिठ्ठी कुणाची?"

"कुणाचीच नाही. मुलाखत दिली, निवड झाली."

"अस्सं," ते म्हणाले. त्या एका 'अस्सं'मध्ये मी वरच्या ऑफिसातून शाळेवर पाळत ठेवायला आलेली बाई ठरले. घरी येऊन आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कोन गो त्यो मास्तर? च्या पित नाय तर पानी ठेव त्याच्यासमोर. त्ये तरी पितो का बग." मी दुसऱ्या दिवशी पाणी ठेवून पाहिलं. तेही तसंच राहिलं.

उंच, सडपातळ माणूस. पांढऱ्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं. एक घड्याळ मनगटाला आणि एक खिशात, आणि विश्वास दोन्हींवर नाही. दोन्ही जुळली तरच ते वेळ सांगायचे, नाही जुळली तर "सुमारे" म्हणायचे. छत्री खिडकीच्या गजाला सायकलच्या साखळीने बांधून कुलूप लावायचे. आमच्यापैकी कुणाला ती मोडक्या काडीची छत्री हवी होती कोण जाणे! वर्तमानपत्र उघडलं की पहिल्यांदा शेवटच्या पानावर तळाशी मुद्रकाचं नाव वाचायचे, मग बातमी. बाजारात जाताना पिशवीत स्वतःचं किलोचं वजन न्यायचे आणि मासळीवाल्या बाईला म्हणायचे, "तुझ्याबद्दल शंका नाही गं. तुझ्या वजनाबद्दल आहे." मुलांनी त्यांचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

पण हाच संशयखोर माणूस वर्गात उभा राहिला की मी माझा वर्ग नसताना बाहेरच्या व्हरांड्यात रेंगाळायचे, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांचा सगळा संशय तिथे शब्दांवर चालायचा. एकसारखे दिसणारे दोन इंग्रजी शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि मुलांकडे वळायचे. "हे दोघे भाऊ आहेत असं कोण म्हणतो?" सगळे हात वर. "कशावरून?" सगळे हात खाली.

"पेन आणि पेन्सिल. एका डब्यात राहतात, एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून एका घरचे? पेन म्हणजे पीस. पूर्वी पिसाने लिहायचे. लॅटिनमध्ये पेन्ना. पेन्सिल म्हणजे छोटी शेपटी, शेपटीसारखा बारीक कुंचला. एक पक्ष्याच्या पंखातलं, दुसरी जनावराच्या मागची. काय नातं?"

पोरं खिदळायची. मग ते मुलींच्या बाकांकडे बघायचे. "मेल आणि फीमेल. तुम्हाला वाटतं, फीमेल म्हणजे मेललाच पुढे काहीतरी चिकटवलंय. अजिबात नाही. तिचं लॅटिन घर वेगळं, त्याचं वेगळं. लोकांना वाटलं ही त्याच्यातूनच निघाली असणार, म्हणून लिहितालिहिता तिचं रूप त्याच्यासारखं करून टाकलं." दहावीतल्या मुली त्या दिवशी जरा ताठ बसल्या. मीही व्हरांड्यात ताठ झाले असेन.

आयलंडवर त्यांचा विशेष राग. आयलंड हा इंग्रजांच्या जुन्या घरातला, आणि आइल, म्हणजेही बेटच, हा लॅटिनमधून फ्रेंचांच्या हातून आलेला. कुणा पंडिताने दोघांना नातेवाईक समजून पहिल्याच्या पोटात उगाच एक एस घुसवला, आणि त्या एसपायी शेकडो वर्षं पोरं मार खातायत, असं ते तळमळून सांगायचे. स्वतः मात्र त्या एससाठी त्यांनी कधी कुणाला मारलं नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. वर्ग चांगला झाला, साहेब खूष, जाता जाता चर्चच्या मनोऱ्याकडे बघून म्हणाले, "व्हॉट अ ब्युटिफुल बेलफ्री! बेल असते म्हणून बेलफ्री, नाही का मुलांनो?" मुख्याध्यापिकेने सरांकडे डोळे वटारून पाहिलं. सरांनी ओठ आवळले, खिशातलं घड्याळ काढलं, परत ठेवलं. पण गप्प राहणं त्यांच्याच्याने होईना. "नाही साहेब," ते म्हणाले. "बेलफ्री म्हणजे मूळचा लढाईचा मनोरा. शत्रूच्या तटाला लावायचा, चाकांवरचा. घंटा त्यात फार नंतर आली. आधी विचारायला हवं होतं." साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं ते सरांनी आम्हाला कधी दाखवलं नाही, पण सरांची पगारवाढ एक वर्ष लांबली हे आम्हाला कळलं.

या सगळ्या शब्दांची त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती, मेणकापडात गुंडाळलेली. आम्ही तिला जुळ्यांची वही म्हणायचो. तिच्यात शब्दांची जोडी घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती आणि ती त्यांनी चर्चमधून उचलली होती. ख्रिस्ती लग्नाच्या आधी तीन रविवार चर्चमध्ये नवरानवरीची नावं वाचतात: कुणाला काही अडचण ठाऊक असेल, आधीचं लग्न, जवळचं रक्ताचं नातं, तर त्याने सांगावं. तसे सर शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायचे, खाली त्यांची मुळं, आणि त्याखाली 'कुणाची हरकत?' तीन दिवस ते तसंच राहायचं. शिवाय त्यांच्याकडे तीन वेगवेगळे शब्दकोश होते आणि त्यांतल्या दोघांचं एकमत लागायचं. "लग्नाला दोन साक्षीदार लागतात. शब्दाला कमी का?" तीन दिवसांत कुणाची हरकत आली नाही की ती जोडी वहीत जायची. हरकत कधीच येत नव्हती, कारण आमच्यापैकी कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी चौथ्या दिवशी ते प्रत्येकाकडे एकदा रोखून बघून घ्यायचे.

वहीच्या शेवटी एक पान उलट्या बाजूने सुरू केलेलं होतं. ज्या शब्दांपुढे शब्दकोशात 'मूळ अज्ञात' लिहिलेलं असेल ते तिथे. डॉग, बॉय, गर्ल. "रोजचे शब्द आहेत हो," मी म्हटलं होतं. "तेच तर," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांच्या तोंडात फिरतायत आणि आपण कुठले ते सांगत नाहीत. अशांना मी पुढच्या पानावर घेत नाही." डॉगचं मला काही वाटलं नाही. गर्लचं वाटलं.

माझ्या मराठीलाही त्यांनी सोडलं नाही. "पगार पोर्तुगीज, बाई. चावी पोर्तुगीज. बादली, घमेलं, तुमच्या मुलींच्या केसातली फीत, सगळी पोर्तुगीज." मी चिडून म्हटलं, "मग चहा तरी आमचा का?" हा प्रश्न मी रागाने टाकला होता, पण सरांनी तो टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात 'चहा' आणि 'टी' लिहिलेलं होतं. दोन्ही चिनी. एकाच पानाला चीनच्या एका भागात एक म्हणत, दुसऱ्या भागात दुसरं. एक शब्द एका वाटेने आला, दुसरा दुसऱ्या. "दिसायला ओळखदेख नाही," ते म्हणाले, "आणि सख्खे निघाले. असंही असतं." चौथ्या दिवशी त्यांनी जोडी वहीत उतरवली, शाई टिपकागदाने टिपली, आणि समोरचा कप उचलून चहा प्यायले. मी उगाच विझलेल्या स्टोव्हला पंप मारायला लागले.

सरांची बायको लवकर गेली होती. मुलगी एकच, रेजिना. रेजी आमच्याच शाळेत प्राथमिकला शिकवायची. ती बापासारखी उंच आणि बापासारखी हट्टी, पण हसरी. चर्चपासून थोडं आत सरांची केळीची आणि पानवेलीची छोटी वाडी होती, तिथे हे दोघं राहायचे. फाटकाला आतून कडी. कुणी आलं की सर आतूनच विचारायचे, "कोण? कुठून? कुणाकडून?" मी शंभर वेळा गेले असेन; शंभरही वेळा तिन्ही उत्तरं दिली आहेत.

त्या फाटकातून एका उन्हाळ्यात आंतोन आत आला. विहिरीवरचा पंप बिघडला होता आणि तो पंप, होड्यांची इंजिनं असली कामं करायचा. समुद्राकडच्या एका गावचा. बाप इनास, पावसाळ्यात भातशेती, उरलेले महिने मिठागरावर. सर तीन तास त्याच्या डोक्यावर उभे राहिले आणि निघालेला प्रत्येक स्क्रू स्वतःच्या रुमालात ठेवून घेतला. काम होता होता आंतोनच्या हातून तेलाचा ओघळ पायरीवर पडला. तो पटकन म्हणाला, "सॉरी, सर."

"सॉरी आणि सॉरो यांचं काही नातं नाही," सर म्हणाले. "सॉरो म्हणजे दुःख. सॉरी वेगळ्या घरातला. तेव्हा तुझ्या सॉरीत दुःख असेल असं मी धरून चालत नाही. नाव काय म्हणालास?"

"आंतोन परेरा."

"परेरा? कोणते परेरा?"

"आमचं सगळं गावच परेरा, सर."

रेजी पाणी घेऊन आली होती, ती यावर हसली. पुढचं सगळं त्या हसण्यातून झालं असं तीच मला नंतर सांगायची. त्या वर्षी तो पंप आणखी चार वेळा बिघडला. पंपाचा संशय सरांना आला, मुलीचा आला नाही, यातच त्यांच्या सगळ्या चौकशीची किंमत मला कळली.

नाताळच्या सुमारास रेजीने सांगून टाकलं की लग्न करीन तर आंतोनशी. सर चिडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "परेरा आणि परेरा. आधी मूळ बघू."

हे ऐकून चर्चचे फादर हसले. पूर्वी ज्या पाद्रीच्या हातून बाप्तिस्मा झाला त्याचं आडनाव सगळ्या गावाला लागायचं, हे वसईत लहान पोरालाही माहीत आहे. "मास्तर, असं नातं लावत बसलात तर सगळी वसई तुमची भावकी होईल."

"होईलही," सर म्हणाले. "मला नक्की माहीत नाही."

जो माणूस वीस वर्षं 'दिसण्यावरून नातं ठरवू नका' म्हणून घसा फोडत होता, तो स्वतःच्या मुलीच्या बाबतीत नेमकं तेच करत होता. मला यात वेगळाच वास येत होता. मूळबीळ काही नाही, पोरगी जाते आहे आणि त्याला एक सभ्य कारण हवं आहे, असं मी रेजीला म्हटलंही. ती म्हणाली, "असेल. पण बाई, ते म्हणालेत की समाधान झालं नाही तर तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये उभा राहीन. आणि पप्पा म्हणतात ते करतात." नावं वाचायची तारीख ठरली होती. इनासच्या घरचे साधे, भिडस्त लोक. भर चर्चमध्ये नवरीचा बाप हरकत घेतो म्हटल्यावर ते मान खाली घालून निघून गेले असते आणि परत आले नसते. हे रेजीला कळत होतं, मला कळत होतं आणि एव्हाना सगळ्या गावाला कळत होतं.

फादरांनी शेवटी कंटाळून जुनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं बघायची परवानगी दिली. आंतोनच्या गावच्या चर्चला चिठ्ठी देऊन तिथलीही मागवून घेतली. रेजी माझ्याकडे आली. "तुम्ही जा त्यांच्याबरोबर. लिहून घ्यायला म्हणून. निदान काय सापडलं ते मला खरं कळेल." मुलगीही शेवटी त्यांचीच.

पहिला रविवार गेला. नावं वाचली, सर बसून राहिले. दुसरा गेला. मधल्या दिवसांत शाळा सुटली की आम्ही चर्चमागच्या खोलीत बसायचो. डांबरगोळ्यांचा वास, कसरीने खाल्लेली पानं, पोर्तुगीज आणि लॅटिन. सर तरुणपणी दोन वर्षं फादर व्हायला गेले होते आणि परत आले होते; लॅटिन त्यांनी तिथून आणलं होतं. का परत आलात विचारलं की म्हणायचे, "तिथलं जेवण पचलं नाही." ते वाचायचे, मी मराठीत लिहून घ्यायचे. आंतोनचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. प्रत्येकाचे आईबाप, गाव, धंदा. सात नावं सरळ एका ओळीत लागली, आणि सरांच्या घराशी कुठे एकदाही गाठ पडली नाही. शनिवारी दुपारी मी वही मिटली. "झालं ना सर?"

"अर्धं झालं. एकाच बाजूचं बघून निकाल देतात का? आता आमचं घर."

त्यांचे वडील सापडले, आजोबा सापडले. पणजोबांच्या पानावर ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बाई, तुम्ही वाचा."

"मला पोर्तुगीज कुठे येतं?"

"अक्षरं तर येतात. जे दिसतं ते वाचा."

मी अडखळत अडखळत ती ओळ वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. काय लिहिलंय विचारल्यावर म्हणाले, "आईबाप अज्ञात. चर्चच्या दारात सापडलेलं मूल. ज्या संताच्या सणाच्या दिवशी सापडलं त्याचं नाव दिलं, बस्त्याव. आडनाव फादरांचं." मग म्हणाले, "माझं नाव त्याच्यावरून ठेवलंय."

बाहेर पोरं फुटबॉल खेळत होती, त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "राहू द्या सर," मी म्हटलं. "शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. हे पान कोण उघडून बघतंय?"

तेव्हा मात्र ते माझ्यावर भडकले. पहिल्यांदा आणि शेवटचे. "आंतोनच्या घरची सात नावं लिहिलीत तेव्हा 'राहू द्या' म्हणाला नाहीत! लिहा. जे आहे ते लिहा." मी लिहिलं. माझं अक्षर त्या एका ओळीत वाकडं आलं आहे. त्या दिवशी सर छत्री खिडकीलाच विसरून गेले.

संध्याकाळी रेजीने विचारलं. मी म्हटलं, आंतोनचं घर अगदी स्वच्छ आहे. "मग पप्पा उद्या उभे राहणार नाहीत?" तिने विचारलं, आणि मला हो म्हणता येईना. दुसरं जे सापडलं होतं ते सांगायचा अधिकार माझा नव्हता, आणि तो माणूस आता काय करेल याची मला अजिबात खात्री वाटत नव्हती.

तिसऱ्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. शेवटच्या बाकावर बसले. इनास आणि त्याच्या घरची माणसं डावीकडे अवघडून बसली होती, आंतोनच्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. फादरांनी नावं वाचली. रेजिना, बस्त्याव परेरांची कन्या. आंतोन, इनास परेरांचा मुलगा. वेळ तिसरी. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर...

पुढचा बाक करकरला आणि सर उभे राहिले.

रेजीने डोळे मिटून घेतले. फादर खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, नंतर. आत या, बोलू."

"नाही फादर. नावं सगळ्यांसमोर वाचलीत. हेही सगळ्यांसमोर होऊ द्या." आवाज वर्गातला होता, पण हात बाकाच्या कडेवर घट्ट होता. "मुलाच्या घराचं मूळ मी तपासलं. चोख आहे. माझ्या घराचं नाही. माझा पणजोबा याच चर्चच्या दारात सापडला. तो कोण, कुठून आला, कुणाकडून, काही लिहिलेलं नाही. इनासभाईंना हे ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या सात पिढ्या उकरल्या, तेव्हा त्यांना माझं कळायला पाहिजे. त्यांची हरकत असेल तर आज सांगावी."

मी इनासला तोवर दोनदा भेटले होते आणि दोन्ही वेळा तो फक्त मान हलवून उठला होता. आता तो उभा राहिला. मिठाने चिरलेले पाय, हातात टोपी. सगळ्यांकडे एकदा घाबरून बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, आमच्या इहिरीला पानी कुटून येतं त्ये माज्या बापालाबी ठावं नव्हतं. गोडं हाय म्हनून पितो." मग आपण फार बोललो असं वाटून तो आणखी हळू म्हणाला, "बसा खाली."

बायकांच्या बाजूने कुणीतरी नाक ओढलं. सर तसेच उभे होते, बसायचं असतं हे विसरल्यासारखे. आंतोनच उठून त्यांच्याजवळ गेला आणि त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. मी हिंदू बाई, तिथल्या रिवाजातलं मला काही कळत नव्हतं, तरी मी पदराने डोळे पुसत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

बाहेर आल्यावर सर मुलीला म्हणाले, "सॉरी." त्यांच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला. रेजी रडत होती, पण परेरांचीच ती. "कुठल्या घरातला सॉरी, पप्पा?" तिने विचारलं. "सोअरच्या," सर म्हणाले. "म्हणजे जखम. दुखरी जागा." तिने त्यांच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण काढलं आणि म्हणाली, जरा वारा लागू द्या.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात तीन शब्द होते. बॉय, गर्ल, डॉग. खाली: मूळ अज्ञात. कुणाची हरकत? चौथ्या दिवशी त्यांनी ते वहीच्या पुढच्या पानांवर उतरवले, आणि त्या दिवशी कुणाकडे रोखून बघितलं नाही.

एक शंका मात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाही. संशयाची ही लागण मला सरांकडूनच झाली, तेव्हा त्यांनी ती माफ करावी. फादर व्हायला जाणाऱ्या मुलाच्या घराचे कागद मागवतात म्हणे. मग ते दोन वर्षांत परत का आले? जेवण पचलं नाही म्हणून? की ते पान त्यांनी विसाव्या वर्षीच वाचलं होतं, आणि पुढची सगळी वर्षं जगातल्या प्रत्येक शब्दाला 'तू कुणाचा' म्हणून विचारत फिरले? तसं असेल तर त्या शनिवारी त्यांना काही सापडलंच नव्हतं. त्यांना फक्त दुसरा साक्षीदार हवा होता, म्हणून ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली. मी कधी विचारलं नाही. पुरावा हाती नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी दुसऱ्या शाळेत गेले, सर निवृत्त झाले. पाच-सहा वर्षांनी एका मे महिन्यात त्यांच्या वाडीवर गेले. माणिकपूर ओळखू येत नव्हतं. तांग्यांच्या जागी रिक्षा उभ्या होत्या, केळीच्या बागांच्या जागी चार-चार मजले चढत होते, आणि रस्त्याच्या कडेला मोजणीवाले फीत धरून उभे होते. सरांची वाडी तेवढी होती तशी होती. फाटक वाजवलं तर आतून चपला फटफटवत एक चार-पाच वर्षांची मुलगी, रेजीचीच असणार, आली आणि फटीतून एक डोळा लावून उभी राहिली.

"कोण?"

मला हसू आलं. "पाटीलबाई."

"कुठून?"

"जूचंद्रहून, बाळा." सासर मुलुंडचं, पण या फाटकावर मी जूचंद्रचीच.

तिने तिसऱ्यासाठी श्वास घेतला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तेवढ्यात आतून, केळीच्या पानांमागून, थकलेला पण वर्गातलाच आवाज आला.

"अगं, बाई उन्हात उभ्या आहेत. आधी कडी काढ. बाकीचं राहू दे."